फोटोच्या पाठीवरची नावं

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली सोडून ५०० चौरस फुटांच्या दोन बेडरूमच्या घरात, तेही ४० मजली इमारतीत. एका खोलीत तीन-तीन, चार-चार पिढ्या काढलेल्या माणसांसाठी तो दिवस केवढा होता, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पण चावी हातात पडायच्या कितीतरी आधी या प्रत्येक घराला एक काम उरकावं लागलं आणि ज्यांच्या इमारती अजून उभ्या आहेत त्यांना ते करायचं आहे. माळा रिकामा करायचा.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खातं १९२० साली, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात निघालं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या चाळींना बीडीडी म्हणतात. वरळी, नायगाव, डिलाइल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, मधोमध लांबलचक अंधारा पॅसेज आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. गिरणी कामगार, पोलीस, पालिकेचे कामगार, कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबं, बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेली घरं, सगळी याच पॅसेजमध्ये एकमेकांच्या उंबऱ्याला उंबरा लावून राहिली. खोली वाढवता येत नव्हती, म्हणून लोक वर गेले. मोरीवर माळा बांधला आणि खाली न मावणारं सगळं त्यावर चढवलं.

माळ्यावरून उतरणाऱ्या सामानात कागदांच्या दोन पिशव्या हमखास असतात. पहिली असते पात्रतेची फाइल. भाड्याच्या पावत्या, रेशनकार्ड, लाइटबिलं, वारसाची कागदपत्रं. या चाळी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ताब्यातल्या, त्यामुळे खोली आपली आहे हे सिद्ध करायला एकेक पावती मोलाची. ही फाइल घरातल्या सोन्याइतकी जपलेली असते. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स आणि महत्त्वाच्या कागदांना लॅमिनेशन. दुसऱ्या पिशवीत फोटो, पत्रिका, कात्रणं, पोस्टकार्डं, एखादी जाड चिकटवही. ही पिशवी कुठल्याही कार्यालयाने कधी मागितली नाही. म्हणून ती सगळ्यात शेवटी उघडली जाते, टेम्पो खाली उभा असताना, आणि तेव्हा कुणाला वेळ नसतो. शिवाय हलायचं एकदा नसतं. आधी चाळीतून संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात, मग काही वर्षांनी तिथून टॉवरमध्ये. दोन्ही वेळा सामान कमी करायचं ठरतं आणि दोन्ही वेळा रद्दीवाला दारात असतो.

माझ्या मावशीच्या चाळीची पाळी आली तेव्हा ही दुसरी पिशवी माझ्याकडे आली. "तुला कॉम्प्युटर येतो ना, मग याचं काहीतरी कर बाबा," एवढंच ती म्हणाली. डिजिटल स्क्रॅपबुक करायला मी तिथून लागलो. त्यानंतर ओळखीपाळखीतून आणखी काही घरांच्या पिशव्या पाहायला मिळाल्या. ज्यांच्या घरी अशी पिशवी आहे त्यांना आज नाही तर उद्या हे करावंच लागणार, म्हणून जे पाहिलं आणि जे शिकलो ते सविस्तर लिहितो आहे.

मावशीच्या पिशवीतली सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे काकांची चोपडी. काका गिरणीत साचेखात्यात होते. हिशेबाची लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही कुठूनतरी मिळवून त्यांनी तिची चिकटवही केली. पहिल्याच पानावर संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली कात्रणं आहेत, बहुतेक आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'तली. अत्र्यांची 'शिवशक्ती' ही इमारत वरळीतच होती, त्यामुळे हे वर्तमानपत्र चाळीतल्यांना आपल्या आळीतलं वाटायचं. पुढे गिरणीचा जुना गेटपास, भजनी मंडळाच्या वर्गणीची पावती, गावाहून आलेली पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, मुलाच्या दहावीच्या निकालाचं कात्रण आणि त्यात शाईने अधोरेखित केलेला बैठक क्रमांक. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, तिथून कात्रणांची गर्दी होते. एकेका पानावर चार-चार, एकमेकांवर चढलेली. नंतर ती पातळ होत जातात. पुढे बरीच पानं कोरीच आहेत आणि त्यानंतर एकदम मावसबहिणीच्या लग्नाची पत्रिका. संपात घराचं काय झालं ते काकांनी कुठेही लिहिलेलं नाही, पण ती कोरी पानं पाहिल्यावर विचारावं लागत नाही. वहीत गोष्टी कुठल्या क्रमाने लावल्या आणि कुठे जागा सोडली, यालाही अर्थ असतो. तो नीट न टिपता नुसती कात्रणं सुटी करून स्कॅन केली असती, तर चोपडी गेली असती आणि कात्रणं उरली असती.

चोपडीची तब्येत मात्र नाजूक होती. काकांनी चिकटवायला घरची खळ वापरली होती, कणकेची. खळ म्हणजे कसरीला मेजवानी. जिथे खळ लावली होती तिथेच किड्यांनी नक्षी काढली होती. टाचण्या गंजून कागदाला तपकिरी भोकं पडली होती. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या कच्च्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन हवेत आणि उजेडात पिवळं पडतं, कागद आम्लधर्मी होत जातो आणि घडीवर तुटतो. त्यात वाईट म्हणजे हे आम्ल शेजाऱ्यालाही लागतं. कात्रणाला चिकटून एखादा फोटो राहिला, तर त्याच्यावर कात्रणाच्या आकाराचा पिवळा डाग उमटतो. चोपडीत असे डाग बरेच आहेत.

फोटोंची कथा वेगळी. जुने कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचे आणि चांगले धुतले असतील तर साठ-सत्तर वर्षांनीही ठणठणीत. काळ्या जाड पानांचे अल्बम, कोपऱ्यांत चिकटवलेले छोटे त्रिकोणी खिसे, पानांमध्ये बटरपेपर, ही जुनी पद्धत उत्तम होती. फोटोला कुठेही डिंक लागत नसे. नंतर आले ते चिकट पानांवर प्लॅस्टिक पसरायचे अल्बम. दिसायला छान, लावायला सोपे, आणि त्यांनीच आपल्या आयांच्या पिढीच्या फोटोंचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. तो चिकट थर वर्षांनुवर्षं फोटोच्या पाठीत मुरतो आणि फोटो निघता निघत नाही. त्यातच सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत प्रिंटांचा निळसर रंग अंधारातसुद्धा उडतो, म्हणून त्या काळातली सगळी लग्नं आता लालसर दिसतात. असा फोटो चिकट अल्बममधून ओढून काढू नये. दात साफ करायचा, मेण नसलेला बारीक दोरा फोटोमागून हळूहळू करवतीसारखा सरकवून पाहावा. नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करावं.

आता मुद्द्यावर येतो. सुरुवात कशी करायची?

कॉम्प्युटर उघडण्याआधी फोटो जमिनीवर पसरा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेजारी बसवा. हे मी आधी सांगतो आहे, कारण बाकी सगळं नंतरही करता येतं, हे नाही. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल, सॉफ्टवेअर अजून सोपं होईल, पण मागच्या रांगेतला टोपीवाला कोण हे सांगणारं माणूस असेलच असं नाही.

मावशीच्या पिशवीत चाळीच्या गणेशोत्सवाचा एक गटफोटो होता. पाठीवर कॅमेरा स्टुडिओचा अर्धवट शिक्का आणि कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं '७१ किंवा ७२'. मावशीला निम्मी माणसं ओळखू आली. मग तिने पॅसेजच्या टोकाच्या खोलीतल्या आजींना हाक मारली. आजी आल्या, चष्मा पुसला, फोटो नाकाशी धरला आणि बोट ठेवत सुरू झाल्या. "हा उजवीकडून तिसरा, टोपीवाला, हा समोरच्या खोलीतला बुवा. पखवाज वाजवायचा. याच्या बाजूला बसलाय तो माझा धाकटा दीर, वर्षभरातच गेला. आणि ही पोरगी कोण गं? ही तू तर नव्हेस?" मावशीने फोटो ओढून घेतला. ती तीच होती. तिच्या घरात पन्नास वर्षं पडून असलेल्या फोटोत ती स्वतः होती आणि तिने स्वतःला ओळखलं नव्हतं. हळूहळू दारात आणखी दोघीजणी येऊन उभ्या राहिल्या. बुवांच्या गावावरून वाद झाला. एकीच्या मते ते मालवणकडचे, दुसरीच्या मते राजापूरचे. मी दोन्ही लिहून घेतलं.

चाळीतला फोटो एका घराच्या मालकीचा असतो, पण त्यातली माणसं दहा घरांतली असतात. कागदाचा अल्बम ज्याच्या माळ्यावर, त्याच्यापुरताच राहतो. आजींच्या घरात त्यांच्या धाकट्या दिराचा एकही फोटो नव्हता. तो इतकी वर्षं पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, मावशीच्या माळ्यावर होता. त्या संध्याकाळी मी तेवढा भाग मोठा करून आजींच्या नातवाच्या फोनवर पाठवला. डिजिटलच्या बाजूने मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट ही. मूळ फोटो कुणाकडून हिसकावून न घेता तो त्यातल्या प्रत्येकाला देता येतो. चाळ एका जागी होती तोवर हाक मारून बोलावता येत होतं. आता माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर, कुणी भाड्याने विरार-बदलापूरला, कुणी कायमची गावी, आणि फोटो मात्र अजून दहा घरांत वाटलेले.

नावं लिहून झाली की स्कॅनिंग. सपाट काचेचा साधा स्कॅनर असेल तर उत्तम. पोस्टकार्डाएवढे किंवा त्याहून लहान फोटो ६०० डीपीआयवर घ्यावेत. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो ६०० वर घेतला की २१०० बाय ३००० पिक्सेलचा होतो आणि दुपटीने मोठा छापला तरी फाटत नाही. काच आधी मऊ कापडाने पुसावी, नाहीतर प्रत्येक फोटोवर एकाच जागी तोच धुळीचा कण येतो. स्कॅनर नसेल तर फोनही चालतो. गूगलचं फोटोस्कॅन हे मोफत अॅप एका फोटोची पाच छायाचित्रं घेऊन ती जोडतं आणि फोटोवरची चमक काढून टाकतं. बीडीडीच्या पॅसेजमध्ये हे जमणार नाही, उजेडच नसतो. खिडकीशी, सकाळी, ऊन थेट पडत नसेल तेव्हा करावं. आणि पाठ घ्यायला विसरू नये. प्रत्येक फोटोच्या पाठीचं वेगळं स्कॅन, काहीही लिहिलेलं नसलं तरी. स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, प्रिंटची तारीख, यांतून साल काढता येतं. चोपडीसारखी वही असेल तर आधी सगळी पानं जशीच्या तशी, क्रमाने, कोऱ्या पानांसकट घ्यावीत. सुटी कात्रणं नंतर.

फाइलला नाव देताना साल पहिलं लिहावं, मग प्रसंग, मग जागा. साल नक्की नसेल तर 'सुमारे १९७२' असं सरळ लिहावं. अंदाज हा अंदाज म्हणूनच नोंदला पाहिजे. एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. स्कॅन केलेल्या फोटोवर तारीख पडते ती स्कॅन केल्याच्या दिवसाची. त्यामुळे गूगल फोटोजमध्ये आजोबांचं लग्न यंदाच्या गणपतीत जाऊन बसतं. तिथे तारीख बदलायची सोय आहे. ती वापरावी आणि माहितीच्या रकान्यात नावंही भरावीत.

मग पानं लावायची. हा भाग लोकांना अवघड वाटतो आणि खरं तर तोच सगळ्यात रमवणारा आहे. आपल्या घरांत डिजिटल पान आधीच आलेलं आहे. लग्नाचा करिझ्मा अल्बम आठवा, लांबरुंद पानावर जोडलेले पंधरा फोटो, कडेला फुलं, मागे धूसर महाल. तंत्र तेच, थरांचं. सगळ्यात खाली पार्श्वभूमीचा थर, त्यावर फोटो, त्यावर पत्रिकेचा तुकडा, त्यावर अक्षरं. प्रत्येक थर वेगळा हलवता येतो, लहान-मोठा करता येतो, पुसता येतो. कागदावर एकदा चिकटवलं की संपलं, इथे शंभरदा फिरवा. फोटोशॉप एलिमेंट्स विकत घ्यावं लागतं, जिंप पूर्ण मोफत आहे पण शिकायला चिकाटी हवी, आणि अगदीच नवख्याने कॅनव्हावर सुरुवात केली तरी चालेल. मराठी अक्षरांसाठी मुंबईच्याच एकटाइप या संस्थेने केलेले मुक्त आणि बालू हे देखणे टंक मोफत मिळतात. टायपिंग युनिकोडमध्येच करावं. जुन्या डीटीपीच्या टंकांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की निव्वळ चिन्हांची खिचडी दिसते. नावं अशी हरवली तर सगळ्या खटाटोपावर पाणी पडतं. पान बारा बाय बारा इंचांचं घ्या किंवा ए-फोर, पण छापायचं असेल तर ३०० डीपीआय ठेवा. बारा इंची पान म्हणजे दोन्ही बाजूंनी ३६०० पिक्सेल.

मला स्वतःला सजावट कमी आवडते. तयार मिळणाऱ्या फिती, फुलपाखरं, सोनेरी चौकटी आपल्या फोटोंना परक्या वाटतात. गणेशोत्सवाच्या पानासाठी मी चोपडीतल्याच एका कोऱ्या पानाचं स्कॅन मागे ठेवलं, कसरीच्या नक्षीसकट. त्यावर गटफोटो, खाली भजनी मंडळाची पावती आणि कडेला काकांच्या अक्षरातली एक ओळ, पोस्टकार्डावरून कापून घेतलेली. कापून म्हणजे पडद्यावर, मूळ पोस्टकार्ड अखंड आहे. कागदाच्या चिकटवहीत हे करायला खरोखरच कात्री चालवावी लागली असती. आणि फोटोच्या शेजारी बाह्याकृतींचं छोटं चित्र, प्रत्येक डोक्यावर आकडा, खाली आकड्यांसमोर नावं.

कोण, कुठलं, केव्हाचं हे लिहून ठेवण्याचं महत्त्व मला चाळीतल्याच एका निवृत्त शिक्षकांनी पटवलं. त्यांच्याकडे आंबेडकरी चळवळीच्या कात्रणांच्या वह्या आहेत. ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत जी दंगल उसळली, तिचीही कात्रणं त्यांत आहेत. ती लावताना ते तरुण होते, घाईत होते. बातमी कापली, पण वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख समासात राहिली आणि समास केरात गेला. "आज अभ्यासक येतात, विचारतात, सर, कुठल्या पेपरातलं? मी काय सांगणार? बातमी माझ्याकडे आहे, पुरावा नाही," ते म्हणाले. त्यांनी चांगदेव खैरमोड्यांचं उदाहरण दिलं. खैरमोड्यांनी पत्रं, कात्रणं, आठवणी वर्षानुवर्षं जमवल्या, म्हणून १९५२ पासून बाबासाहेबांचं बहुखंडी चरित्र उभं राहू शकलं. सरांच्या वह्यांची पानं आता हाताळली की कडेने चुरा पडतो. त्यांची पानं मी स्कॅन केली आणि कात्रणांतला मजकूर शोधता येईल असा टाइप करायला त्यांची नात बसली आहे. हे कागदाला कधीच जमलं नसतं. एक नाव टाइप केलं की ते कुठल्या कुठल्या पानावर आहे ते समोर येतं. पण तारखेची जागा रिकामीच आहे आणि ती कुठल्याही यंत्राला भरता येत नाही. ग्रंथालयात जुने अंक चाळूनच ती भरावी लागेल.

हा उद्योग आपल्याकडेच चाललाय असं नाही. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८७३ साली पानावर आधीच डिंक लावलेल्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं, इतकं तिकडे हे वेड जुनं. पण मला जवळचं वाटतं ते मुंबईत अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट'. लोकांनी आपल्या घरचा जुना फोटो पाठवायचा आणि त्यामागची हकिकत लिहायची. गोव्यात 'गोवा फमिलिया' या उपक्रमातही घरोघरीचे अल्बम असेच जमवले गेले. दोन्हीकडे फोटोइतकीच त्याच्यासोबतची हकिकत महत्त्वाची मानली आहे.

आता डिजिटलची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

काकांची चोपडी चाळीस वर्षं कुणी उघडली नव्हती, तरी ती टिकली. कसर लागली, डाग पडले, पण उघडली तेव्हा वाचता आली. डिजिटल फाइल चाळीस वर्षं बेवारस ठेवून पाहा. २००० नंतर ज्यांनी फोटो सीडीवर टाकून निश्चिंती मानली, त्यांच्या घरात आज सीडी आहे, ती लावायला मशीन नाही. असलंच तर सीडी वाचली जात नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, पिकासा २०१६ मध्ये. गूगल फोटोजवर अमर्याद मोफत जागा होती ती १ जून २०२१ पासून संपली. आता १५ जीबीत मेलसकट सगळं बसवायचं. आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं कंपनी काढून टाकू शकते. माझ्या ओळखीच्या एका घरात वडील अचानक गेले. सगळे फोटो त्यांच्या फोनमध्ये, फोनला अंगठ्याचं कुलूप आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. कागदी अल्बमला कुलूप नसतं.

व्हॉट्सअॅपचं तर विचारूच नका. चाळीचा ग्रुप झाला, फोटो फिरू लागले, आनंदाला उधाण आलं. पण तिथून उतरवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. तो पुढे पाठवत राहिलं की चेहऱ्यांचे चौकोन होतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आणि दुसऱ्याच्या घरातल्या माणसाचा फोटो फेसबुकवर लावण्यापूर्वी त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारावं. चाळीत सगळं सगळ्यांना माहीत असायचं हे खरं, पण जगजाहीर नव्हतं. एका फोटोतली सून आज त्या घरात नाही. तो फोटो आम्ही स्क्रॅपबुकात घेतला नाही, फाइल जपून ठेवली.

म्हणून डिजिटलला सांभाळणारं माणूस लागतं. फायलींच्या तीन प्रती हव्यात. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक मुंबईबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला-कलिन्यापासून बदलापूरपर्यंत तळमजल्यावरच्या घरांतले किती अल्बम पाण्यात गेले याची गणतीच नाही. त्यांची एखादी प्रत दुसऱ्या गावात असती तर? पासवर्ड घरातल्या दोघांना तरी माहीत असावा, आणि तो कागदावर लिहून त्या पहिल्या फाइलीत, भाड्याच्या पावत्यांशेजारी ठेवावा. ती फाइल कुणी हरवत नाही.

कागद की कॉम्प्युटर, असं मला लोक विचारतात. माझं मत पक्कं झालंय. मूळ कागद कुठल्याही परिस्थितीत रद्दीत जाता कामा नये. 'स्कॅन झालं, आता कशाला ठेवायचं' हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आणि प्रत्येक वेळी भांडलो. स्कॅनमध्ये काकांच्या पेनाचा दाब बोटाला लागत नाही. आम्ही चोपडी आम्लविरहित कागदात गुंडाळून खोक्यात ठेवली. टाचण्या काढल्या, फोटो आणि कात्रणं वेगळी केली आणि प्रत्येकाची मूळ जागा नोंदवली. नवीन चिकटवही करायची असेल, तर अब्दुल रेहमान स्ट्रीटवर सगळं सामान मिळतं. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद चांगला, पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत पाहता येईल. कापसात लिग्निन नसल्यासारखंच, त्यामुळे तो सहसा पिवळा पडत नाही. फोटोला डिंक लावू नये, कोपऱ्यांचे खिसे वापरावेत. पाठीवर बॉलपेनने लिहू नये, दाब पुढे उमटतो. मऊ शिसपेन्सिल बरी.

आणि डिजिटल पानं तयार झाली की त्यांतली निवडक छापून घ्यावीत. मावशी टॅबवर पानं सरकवते, मोठं करून पाहते, तिला कौतुक आहे. पण तिच्या मैत्रिणी आल्या की ती छापलेलं पुस्तकच काढते. चार बायका एका पुस्तकावर ओणवून बसू शकतात, फोनवर नाही बसू शकत. गणेशोत्सवाच्या पानावर आम्ही एक क्यूआर कोडही छापला. फोन धरला की टोकाच्या खोलीतल्या आजी बुवांच्या पखवाजाबद्दल बोलताना ऐकू येतात. तो दुवा पुढे किती वर्षं चालेल याचा भरवसा नाही, म्हणून त्यांचं बोलणं शब्दशः शेजारी छापलं आहे, मालवण आणि राजापूर दोन्ही ठेवून.

त्या फोटोतल्या दोघांची नावं अजून मिळालेली नाहीत. मागच्या रांगेतला चष्मेवाला आणि अगदी डावीकडे अर्धा कापला गेलेला मुलगा. पुस्तकात त्यांच्या आकड्यांपुढे रिकामी रेघ सोडली आहे. प्रत गावी, विरारला, टॉवरमध्ये जिथे असेल तिथे, कुणाला नाव आठवलं तर त्याने ते पेन्सिलीने त्या रेघेवर लिहायचं आणि पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, असं ठरलंय. मूळ फाइलमध्ये ते भरायचं काम माझ्याकडे आहे.